रात्री लघवीला उठणे आणि घोरणे : एकाच रात्रीच्या दोन तक्रारी

प्रोस्टेटच्या तक्रारी मोजण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात लक्षणांचे सात प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न असा : रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत लघवीसाठी किती वेळा उठावे लागते? घोरण्याबद्दल त्या सात प्रश्नांत एक शब्दही नाही. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, कोणाला असू शकतो हे हेरण्यासाठी ‘स्टॉप-बँग’ नावाची दुसरी प्रश्नावली आहे. तिच्यात आठ प्रश्न आहेत : मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का, रक्तदाब, उंचीच्या मानाने वजन, वय, मानेचा घेर आणि स्त्री की पुरुष. रात्री लघवीला उठण्याबद्दल त्या आठ प्रश्नांत एक शब्दही नाही.

दोन्ही प्रश्नावल्या आपापल्या जागी उपयोगाच्या आहेत. पण ज्याला दोन्ही तक्रारी आहेत, तो रुग्ण या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. तो लघवीची तक्रार घेऊन मूत्ररोग विभागात जातो, घोरण्याची तक्रार बायको सांगते म्हणून कधी तरी कान-नाक-घसा विभागात जातो आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मेडिसिनच्या ओपीडीत जातो. तीन ठिकाणी तीन केसपेपर होतात. या तिन्ही तक्रारी एकाच रात्री, एकाच अंथरुणावर, एकमेकींना धरून घडत असतात, हे मात्र कोणत्याच कागदावर येत नाही.

हृदय मूत्रपिंडांना काय सांगते

स्लीप अ‍ॅप्नियात झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजला जातो. श्वास पूर्ण थांबण्याचे किंवा बराच कमी होण्याचे असे प्रकार तासाला ५ ते १५ वेळा झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झाले तर मध्यम आणि त्याहून अधिक झाले तर तीव्र मानला जातो. ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’ या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ या वयोगटातील सुमारे ९३ कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात हा आजार आहे. आपल्याकडे जबड्याची आणि चेहऱ्याची ठेवण अशी असते, की वजन फार नसतानाही तो होऊ शकतो. त्यामुळे ‘माणूस जाड नाही, म्हणजे अ‍ॅप्निया नसणार’ हे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

आता लघवीचा संबंध. घसा बंद झाला तरी छाती श्वास ओढण्याचा प्रयत्न थांबवत नाही. बंद बाटलीतून नळीने ओढावे तसे ते असते. छातीच्या पोकळीत उणा दाब तयार होतो, त्यामुळे शरीरातले रक्त हृदयाकडे जास्त खेचले जाते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. त्याच वेळी रक्तातला ऑक्सिजन घटतो, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर आणखी भार येतो. ताणलेल्या हृदयाचा समज होतो, की शरीरात पाणी फार साठले आहे. मग वरच्या कप्प्यांतून एक संप्रेरक सुटते. ते मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला सांगते. निरोगी माणसात रात्री याच्या उलट घडते. मेंदूतून येणारे दुसरे एक संप्रेरक रात्री वाढते आणि लघवीचे प्रमाण कमी ठेवते, म्हणून सहा-सात तास सलग झोपता येते. अ‍ॅप्नियात ही घडी मोडते. मूत्राशयात काही दोष नसतानाही तो भरत राहतो, कारण मूत्रपिंडांना चुकीचा निरोप गेलेला असतो.

हृदयातल्या या संप्रेरकाचा माग कॅनडातील संशोधक अडॉल्फो डी बोल्ड यांनी काढला. उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला तर त्याची लघवी आणि तीतले मीठ झपाट्याने वाढते, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनी येथील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे हवेचा सततचा सौम्य दाब देऊन पाच रुग्णांचा घसा झोपेत उघडा ठेवता आल्याचे प्रसिद्ध केले. आजचे सीपॅप यंत्र त्यातून आले. एका शोधाने रात्रीच्या लघवीचे एक कारण कळले आणि दुसऱ्याने त्यावरचा उपाय हाती आला. दोन्हींना चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. तरीही रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या साठीतल्या पुरुषाला आपल्याकडे पहिले उत्तर ‘प्रोस्टेट’ हेच मिळते आणि बाईला ‘वय झाले’ किंवा ‘इन्फेक्शन असेल’ हे.

आणखी एक बाब रुग्णाला स्वतःला उमगत नाही. झोपतपासणीच्या प्रयोगशाळांत असे दिसले आहे, की अनेकदा आधी श्वास अडकतो, त्यामुळे जाग येते आणि जाग आल्यावर मूत्राशयाची जाणीव होते. रुग्ण सकाळी प्रामाणिकपणे सांगतो, ‘लघवी लागली म्हणून उठलो.’ जाग का आली, हे त्याला आठवणेच शक्य नसते.

पायांतले पाणी

दोन्ही तक्रारींना जोडणारा तिसरा धागा पायांत असतो. दिवसभर उभे राहून किंवा खुर्चीत बसून काम करणाऱ्यांच्या पायांत संध्याकाळपर्यंत पाणी उतरते. दुकानदार, बसचालक, शिक्षक, पहारेकरी, स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या बायका या सगळ्यांना हा अनुभव आहे. रात्री आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परत येते. त्यातले काही लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून उठावे लागते. काही मानेकडे सरकते, घशाभोवतीच्या ऊतींत साठते आणि आधीच अरुंद असलेली हवेची वाट आणखी अरुंद करते. पायांत पाणी साठणाऱ्या रुग्णांना दिवसा घट्ट वैद्यकीय मोजे घालायला दिले असता रात्रीचे श्वासाचे अडथळे कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. पायाची सूज, घोरणे आणि रात्रीची लघवी ही तीन वेगळी दुखणी वाटतात. त्यांचा एकत्र विचार झाला तर उपचारही एकत्र सुचतात.

प्रत्येक चिठ्ठी बरोबर, पण एकत्रित परिणाम धोक्याचा

समजा, साठीतले एक निवृत्त एसटी चालक आहेत. रक्तदाब आहे, थोडी साखर आहे, ते जोरात घोरतात आणि रात्री चार वेळा उठतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट किंचित वाढलेली दिसते. त्या वयात ती बहुतेकांची थोडी वाढलेली असतेच. प्रोस्टेटची गोळी सुरू होते. लघवीची धार सुधारते, पण चारऐवजी तीन वेळा उठणे उरते. रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा वाढते आणि या गोळीच्या परिचित दुष्परिणामाने घोट्यांवर सूज येते. सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारी गोळी जोडली जाते. ती कधी घ्यायची हे नीट न सांगितल्याने ते ती रात्रीच्या जेवणानंतर घेतात. झोप मोडते म्हणून घराजवळचे डॉक्टर झोपेची गोळी देतात.

यातली एकही चिठ्ठी एकेकटी पाहिली तर चूक म्हणता येणार नाही. पण सगळ्या मिळून काय करतात ते पाहावे. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडकल्यावर येणारी जाग उशिरा येते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उभे राहताना रक्तदाब घसरतो. लघवी वाढवणारी गोळी रात्री दोन वाजता आपला परिणाम दाखवते. घर गावाकडे असेल तर शौचालय अंगणाच्या टोकाला असते. चाळीत असेल तर ते गॅलरीच्या शेवटी असते. अर्धवट गुंगीत, अंधारात, डोके हलके झालेल्या अवस्थेत हा माणूस तिकडे चालत जातो. वृद्धांच्या खुब्याच्या हाडाच्या मोडीमागे अशी एखादी रात्र असते आणि अशा मोडीनंतर अनेक म्हातारी माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालू शकत नाहीत. अस्थिरोग विभागाच्या केसपेपरवर मात्र ‘घरात पाय घसरून पडले’ एवढेच लिहिले जाते.

यापुढची पायरी शस्त्रक्रियेची. गोळ्यांनी भागत नाही म्हणून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सुचवली जाते. लघवी अडत असेल, मूत्राशय रिकामा होत नसेल, तर ती गरजेची आहे आणि तिचा उत्तम उपयोग होतो. पण सगळ्या लक्षणांमध्ये या शस्त्रक्रियेला सर्वात कमी दाद देणारे लक्षण रात्रीचे उठणे हेच आहे. कारण प्रोस्टेट कापली तरी मूत्रपिंडांना जाणारा चुकीचा निरोप थांबत नाही. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या अ‍ॅप्नियाची कल्पना नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर गुंगीची औषधे देताना धोका वाढतो. ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली मुळात शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांसाठीच तयार झाली होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

बायका आणि मुले

बायकांमध्ये हा आजार आणखी उशिरा सापडतो. त्यांच्या घोरण्याची चर्चा घरात संकोचाने होते किंवा होतच नाही. डॉक्टरांपुढे त्या ‘झोप लागत नाही’, ‘अंग मोडून येते’, ‘सकाळी डोके दुखते’ अशा तक्रारी सांगतात. पाळी थांबल्यानंतर अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढते आणि त्याच वयात रात्रीचे उठणेही वाढते. प्रत्येक वेळी लघवीच्या संसर्गाची तपासणी होते. ती स्वच्छ आली तरी अँटिबायोटिक दिले जाते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. रात्री बाहेरच्या शौचालयात जाण्याची भीती असलेल्या बायका संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतात, हे वेगळे.

लहान मुलांत याच संबंधाचे एक रूप दिसते. पाच वर्षांवरचे मूल अंथरूण ओले करत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल आणि घोरत असेल, तर त्याला ओरडण्याआधी त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात. या वाढलेल्या ग्रंथी काढल्यावर श्वासाचा अडथळा दूर होतो आणि बऱ्याच मुलांचे अंथरूण ओले करणेही थांबते किंवा कमी होते.

मास्क काढला, तो काढलाच

इथपर्यंतचा प्रश्न निदानाचा होता. निदान होऊन सीपॅप यंत्र घरी आल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याबद्दल रुग्णांना फारसे कुणी सांगत नाही. यंत्र नियमित वापरले तर अनेकांचे रात्रीचे उठणे पहिल्या काही आठवड्यांतच कमी होते. सकाळचा ताजेपणा सांगण्याआधी ‘आता एकदाच उठतो’ हे सांगणारे रुग्ण असतात. पण ज्यांना प्रोस्टेट, मधुमेह किंवा पायांची सूजही आहे, त्यांचे उठणे पूर्ण थांबत नाही. ते दोनदा उठतात. पहिल्यांदा उठून आल्यावर मास्क परत लावतात. पहाटे तीनला उठल्यावर कंटाळा येतो, पट्टे नीट बसत नाहीत, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये असे वाटते आणि उरलेली रात्र मास्कविना जाते.

हे नुकसान वाटते त्याहून मोठे आहे. स्वप्ने पडणारी झोप रात्रीच्या शेवटच्या भागात सर्वात जास्त असते. त्या झोपेत शरीराचे स्नायू सर्वाधिक सैल असतात, म्हणून बहुतेक रुग्णांमध्ये श्वासाचे अडथळे तेव्हाच सर्वात लांब आणि ऑक्सिजनची घसरण सर्वात खोल असते. म्हणजे जो भाग झाकायला हवा तोच उघडा राहतो. रात्री चार तास यंत्र वापरले की ‘वापर समाधानकारक’ अशी नोंद करण्याची पद्धत आहे. अकराला झोपून तीनला मास्क काढणारा रुग्ण या मोजमापात उत्तीर्ण होतो आणि पहाटेचा त्याचा आजार तसाच राहतो.

यंत्राच्या अपुऱ्या वापराचे काय होते, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. भारतासह सात देशांत झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ रुग्णांवर होता. सीपॅप मिळालेल्या गटात दिवसाची झोप आणि मनःस्थिती सुधारली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. त्या गटात यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास एवढाच होता. या निष्कर्षाची इतरही कारणे सांगितली जातात. पण सव्वातीन तास मास्क आणि उरलेली रात्र श्वास अडकलेला, अशा उपचाराकडून फार अपेक्षा करता येत नाही, हे उघड आहे.

म्हणून रुग्ण यंत्र वापरत नाही असे दिसले, की त्याला आळशी ठरवण्याआधी एक गोष्ट पाहावी. बहुतेक यंत्रांत वापराची नोंद राहते. मास्क रोज साधारण त्याच वेळी, लघवीला उठताना, निघत असेल तर मूत्राशयाचा उपचार हा सीपॅपच्या उपचाराचाच भाग ठरतो. उलट, यंत्राचा वापर वाढला तर मूत्राशयावरचा भारही कमी होतो. एक उपचार दुसऱ्याला असा टेकू देतो.

काही साध्या गोष्टींनी पहाटेचा हा अडथळा कमी होतो. लघवीला जाताना मास्क डोक्यावरून काढण्याची गरज नसते. बऱ्याच मास्कची नळी पुढच्या जोडापाशी सहज सुटते. नळी तेवढी सोडावी, मास्क तसाच ठेवून जावे आणि परत येऊन नळी जोडावी. यंत्र घेतानाच दुकानदाराकडून हे करून पाहावे आणि रात्रीआधी दिवसा दोन-चार वेळा सराव करावा. परत आल्यावर पूर्ण दाब एकदम सहन होत नसेल तर बऱ्याच यंत्रांत दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते. मच्छरदाणी वापरणाऱ्यांनी नळी उशाच्या बाजूने, ओढ बसणार नाही अशी आत घ्यावी. ज्यांचा तोल जातो किंवा शौचालय लांब आहे, त्यांनी पलंगाजवळ लघवीचे भांडे ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वाटेवर छोटा दिवा असावा. वीज वारंवार जात असेल तर यंत्रासाठी इन्व्हर्टरची सोय करावी आणि यंत्र बंद पडल्यावर मास्क काढून ठेवावा.

औषध कोणते, आणि किती वाजता

दोन्ही आजार असलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीत औषधाच्या नावाइतकीच वेळ महत्त्वाची असते. लघवी वाढवणारी गोळी सहसा सकाळी घ्यायची असते. पायांत पाणी उतरणाऱ्या काही रुग्णांना ती दुपारनंतर द्यावी लागते, म्हणजे झोपण्याआधी पाणी निघून जाते. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजत असतील तर सुजेसाठी आणखी एक गोळी जोडण्याआधी रक्तदाबाचे औषधच बदलता येईल का, हे विचारावे. मधुमेहाची काही नवी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी वाढते. ती हृदयाला आणि मूत्रपिंडांना फायद्याची असल्याने मनाने बंद करू नयेत. साखर आटोक्यात नसेल तर मात्र कोणत्याही गोळीने रात्रीचे उठणे थांबणार नाही, कारण जास्तीची साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेतेच.

रात्रीची लघवी कमी करणारे डेस्मोप्रेसिन हे औषधही आहे. वयस्कर माणसांत त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सोडियम न तपासता, मित्राला गुण आला म्हणून ते घेणे अंगाशी येऊ शकते. झोपेच्या गोळ्यांबाबत तर नियम सरळ असावा. घोरणाऱ्या माणसाची झोप मोडत असेल तर आधी श्वासाची तपासणी करावी आणि मगच गोळीचा विचार व्हावा. जे वर्षानुवर्षे अशी गोळी घेत आहेत त्यांनी ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

पाण्याबद्दलही गोंधळ असतो. रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणी तोडणे चुकीचे आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यातून मुतखडा आणि उष्माघात ओढवतो. पाणी दिवसा भरपूर प्यावे आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. संध्याकाळनंतरचा चहा आणि खारट खाणे कमी करावे. दारू दोन्ही आजार वाढवते : ती घसा सैल करते आणि लघवीही वाढवते. दुपारी उशिरा तासभर पाय उशीवर घेऊन पडले तर पायांतले पाणी रात्रीआधीच बाहेर पडते. कुशीवर झोपणे आणि वजन कमी करणे यांचा सौम्य आजारात चांगला उपयोग होतो.

रात्रीच्या प्रत्येक उठण्यामागे अ‍ॅप्निया असतो असे नाही, हेही स्पष्ट करायला हवे. उतारवयात एकदा उठणे बहुतेकांना असते. लघवीत रक्त, जळजळ, ताप, थांबून थांबून येणारी धार, लघवी तुंबणे किंवा चालताना लागणारा दम यांपैकी काही असेल तर आधी त्याचा शोध घ्यावा.

एक ओळ केसपेपरवर

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गैरवाजवी नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात, झोपतपासणीच्या सोयी मोजक्याच ठिकाणी आहेत आणि सीपॅप यंत्राची किंमत हजारोंच्या घरात आहे. मग लघवीला उठणाऱ्या प्रत्येकाची झोप तपासणार कोण, आणि आजार सापडला तरी यंत्र घेणार कोण?

प्रत्येकाची तपासणी करण्याची गरजच नाही. मूत्ररोगाच्या केसपेपरवर ‘घोरता का, दिवसा डुलकी लागते का’ ही एक ओळ आणि कान-नाक-घसा, छातीविकार व रक्तदाबाच्या केसपेपरवर ‘रात्री लघवीला किती वेळा उठता’ ही एक ओळ छापायला काहीही खर्च येत नाही. आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या टेबलावर हे दोन प्रश्न नर्सलाही विचारता येतात. ज्यांची दोन्ही उत्तरे ‘हो’ आहेत, त्यांना तीन दिवसांची लघवीची वही द्यावी. मापाच्या भांड्यात प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहायची, एवढेच. झोपेच्या तासांतली आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मिळून दिवसभराच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून अधिक भरली, तर वयस्कर माणसात दोष मूत्राशयात असण्याऐवजी रात्री जास्त लघवी तयार होण्यात असण्याची शक्यता मोठी. अशा रुग्णांपैकी घोरणाऱ्यांना आधी तपासणीला पाठवावे. रांग आपोआप आखूड होते.

यंत्र परवडत नसले तरी निदान वाया जात नाही. धोक्याची झोपेची गोळी टळते, गोळ्यांच्या वेळा बदलतात, पायांच्या सुजेवर उपाय होतो, भूलतज्ज्ञ सावध होतात आणि ट्रक किंवा बस चालवणाऱ्या माणसाला डुलकीचा धोका कळतो. तरीही मध्यम आणि तीव्र आजारात यंत्राला खरा पर्याय क्वचितच असतो, आणि इथे शासनाची जबाबदारी येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून या यंत्राची प्रतिपूर्ती मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती उभ्या आहेत. घरी, अंथरुणाशेजारी वर्षानुवर्षे चालणारा उपचार अशा चौकटीत नीट बसत नाही. पक्षाघात झाल्यावर किंवा खुब्याचे हाड मोडल्यावर दाखल होणाऱ्या रुग्णावर सरकार खर्च करतेच. त्याआधीच्या यंत्रावर खर्च करणे, निदान जिल्हा रुग्णालयांतून ते काही महिने वापरायला देणे, त्याहून महाग पडण्याची शक्यता कमी आहे.

हे होईपर्यंत रुग्णाने आणि घरच्यांनी एवढे करावे. पुढच्या वेळी कोणत्याही ओपीडीत जाताना सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र न्याव्यात आणि कोणती गोळी किती वाजता घेतली जाते ते एका कागदावर लिहून न्यावे. घोरण्याची आणि श्वास थांबण्याची गोष्ट शेजारी झोपणाऱ्या माणसाने स्वतः सांगावी, कारण रुग्णाला ती माहीतच नसते. लघवीची तक्रार असेल तर घोरण्याबद्दल आणि घोरण्याची असेल तर लघवीबद्दल, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपणहून सांगावे.